बिलावरची बचत आणि खिशातली बचत

महिन्याचं सामान भरून मॉलच्या काउंटरवर पैसे दिले, की हातात पडणाऱ्या बिलाच्या तळाशी एक ओळ ठसठशीत छापलेली असते : ‘आज आपली बचत ₹ ७४२’. वाचून बरं वाटतं. घरी येऊन हिशेब लावला, तर किराण्याचा आकडा मात्र गेल्या महिन्याइतकाच निघतो, कधी चारशे-पाचशेनं चढाच. मग ते ७४२ गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. ही ‘बचत’ छापील किमतीतून विक्रीची किंमत वजा करून काढलेली असते. पाकिटावर किती आकडा छापायचा हे उत्पादक ठरवतो. कायदा एवढंच बजावतो, की त्याच्यावर एक पैसाही घ्यायचा नाही. त्यामुळे डाळी, सुका मेवा, मसाले अशा वस्तूंवर मोठा आकडा छापून त्या बारा महिने ‘सवलतीत’ विकता येतात. समजा, तूरडाळीच्या किलोच्या पाकिटावर २२० रुपये छापले आणि ते १५५ला विकलं. बिलावर ६५ रुपयांची बचत दिसेल. त्याच प्रतीची डाळ कोपऱ्यावरचा वाणी १५०ला सुटी देत असेल, तर प्रत्यक्षात तुमचे पाच रुपये जास्तच गेले.

म्हणून सूट मोजायची ती छापील किमतीपासून नव्हे, आपण एरवी देतो त्या भावापासून. सेल, कुपन, कॅशबॅक, ‘एकावर एक’ या सगळ्यांना हीच एक कसोटी लावायची. अडचण एवढीच, की आपण एरवी काय भाव देतो हे बहुतेकांना सांगता येत नाही. सुरुवात तिथूनच करू.

भावाची वही

शंभर पानी वही किंवा मोबाइलमधली नोंद, काहीही चालेल. सगळ्या सामानाची नोंद ठेवायला जाऊ नका, आठवड्यात कंटाळाल. मागची दोन-तीन बिलं पुढ्यात घ्या आणि ज्यांच्यावर जास्तीत जास्त पैसे जातात अशा पंधरा-वीस वस्तू निवडा. चार माणसांच्या घरात ही यादी साधारण अशी निघते : गोडंतेल, तूरडाळ, तांदूळ, गहू किंवा आटा, साखर, चहा, शेंगदाणे, पोहे, रवा, तूप, बिस्किटं, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, अंघोळीचा साबण, टूथपेस्ट. लहान मूल असेल तर डायपर.

प्रत्येक वस्तूला एक पान. त्यावर तारीख, दुकान, वजन, दिलेली किंमत आणि शेवटी किलोमागे किंवा लिटरमागे पडलेला भाव. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, साबण अशा बऱ्याच वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांचीच काढावी लागत. ते बंधन आता उठलं आहे. त्यामुळे ४१० ग्रॅम, ८५० मिली अशी चमत्कारिक मापं फळीवर दिसतात आणि नुसत्या किमती ताडून काही कळत नाही.

तेलाचंच घ्या. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी शेजारी दोन पिशव्या आहेत, दिसायला जुळ्या. एकीत ९१० ग्रॅम, किंमत १४५. दुसरीत ८५० ग्रॅम, किंमत १३९. हात आपसूक १३९च्या पिशवीकडे जातो. किलोचा भाव काढला तर पहिली १५९ रुपयांना पडते आणि दुसरी १६३ रुपये ५० पैशांना. पिशवीवरचं निव्वळ वजन वाचायला पाच सेकंद लागतात.

वेष्टनावर आता दर ग्रॅम, दर किलो किंवा दर लिटर किंमत छापावी लागते, हे खरं. मात्र ती छापील किमतीवरून काढलेली असते. माल सवलतीत असला, की तो आकडा कामाचा राहत नाही. भागाकार आपणच करावा लागतो. मोबाइलमध्ये किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार, की झालं.

दोन महिन्यांत वही बोलायला लागते. तुमच्या घरी तूरडाळ चांगल्या भावात म्हणजे कितीला, हे कळतं. मग ‘३५ टक्के सूट’ असं लिहिलेल्या पाटीकडे न बघता थेट आकड्याकडे नजर जाते. एक सूचना : वहीतल्या भावांचं वय पाहा. २२ सप्टेंबर २०२५पासून अंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला. तूप, लोणी, चीज १२वरून ५वर आले. कर १८चा ५ झाला, म्हणजे कर धरून किंमत साधारण ११ टक्के उतरायला हवी. अशा वस्तूच्या त्याआधीच्या भावाशी तुलना करून ‘१० टक्के सूट मिळाली’ म्हणत असाल, तर सूट काहीच मिळालेली नाही. कपड्यांची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली.

ऑफरचं खरं माप

पाटीवरचे शब्द मोठे असतात, त्यामागचं गणित चौथीतलं असतं. ते एकदा टिपून ठेवा.

• एकावर एक मोफत : दोन्ही नग लागणार असतील तर ५० टक्के सूट.
• दोनांवर एक मोफत : ३३ टक्के. तीन नग घ्यावे लागतात.
• दुसऱ्या नगावर निम्मी किंमत : २५ टक्के, ५० नव्हे.
• ५० टक्के अधिक २० टक्के : ६० टक्के, ७० नव्हे. शंभराचे आधी पन्नास होतात, मग पन्नासांवर वीस टक्के.
• त्याच किमतीत २० टक्के जादा : सुमारे १७ टक्के.
• ५००च्या खरेदीवर ५०चं कुपन, पुढच्या खेपेला : पुढचं बिलही ५००चं झालं तर हजारावर पन्नास, म्हणजे ५ टक्के. पुढची खेप झालीच नाही तर शून्य.

ही टक्केवारीसुद्धा खरी केव्हा? मूळ किंमत वहीतल्या भावाइतकी असेल तेव्हाच. ‘एकावर एक’मधल्या एका नगाची किंमत तुमच्या नेहमीच्या भावाच्या दीडपट धरलेली असेल, तर ५० टक्क्यांचे २५ उरतात.

मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं, हाही एक समज. शाम्पूसारख्या वस्तूत अनेकदा एक-दोन रुपयांच्या पुड्यांचा मिलिलिटरमागे भाव मोठ्या बाटलीपेक्षा कमी निघतो. आपापल्या ब्रँडचा हिशेब एकदा करून पाहा. उलट पाच आणि दहा रुपयांच्या बिस्किट-फरसाणाच्या पाकिटांत किंमत तीच राहते आणि वजन हळूच घटतं. तिथे किमतीपेक्षा ग्रॅमवर लक्ष ठेवा.

कुपन, कोड आणि कॅशबॅक

वर्तमानपत्रातून कात्रीनं कापायची कुपनं आपल्याकडे कधी फारशी रुजली नाहीत. आता कुपनाचं रूप बदललं : ॲपमधला कोड, बँकेच्या कार्डावरची सूट, यूपीआयनं पैसे भरल्यावर खरवडायचं स्क्रॅच कार्ड, दुकानाच्या सभासदत्वाचे पॉइंट. चारही ठिकाणी तीन अटी वाचायच्या : किमान खरेदी किती, कमाल सूट किती आणि मुदत कधीपर्यंत.

किमान खरेदीचं उदाहरण घेऊ. ९९९च्या बिलावर १०० रुपये सूट आहे आणि तुमचं सामान ७८०चं झालं आहे. आणखी २१९चं काही टाकलं की बिल ९९९, सूट जाऊन ८९९. म्हणजे खिशातून ११९ रुपये जास्त गेले. ती २१९ची वस्तू पुढच्या महिन्याच्या यादीतली टूथपेस्ट आणि साबण असेल, तर सौदा उत्तम. २१९चा माल ११९ला मिळाला. ती चॉकलेटची बरणी असेल, तर शंभराच्या मोहापायी ११९ खर्च झाले. यासाठी एक सोपी सवय : पुढच्या महिन्याची छोटी ‘राखीव यादी’ तयार ठेवा, टिकाऊ वस्तूंची. आकडा भरायचा तर त्या यादीतूनच.

कमाल सूट बारीक अक्षरात असते. ‘२० टक्के कॅशबॅक, कमाल ७५ रुपये’ असेल तर ३७५ रुपयांनंतर फायदा थांबतो. दोन हजारांच्या बिलावर ते जेमतेम पावणेचार टक्के होतात. क्रेडिट कार्डाची १० टक्के सूट घ्यावी, पण पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यानं. थकबाकीवरचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे जातं. तीन-चार महिन्यांत सूट व्याजासह परत जाते.

दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर वस्तूची किंमत आणि तुम्ही प्रत्यक्ष भरता ती रक्कम यांत घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क अशी भर पडते. १८० रुपयांच्या सामानावर ३५ रुपये शुल्क लागलं तर माल १९ टक्क्यांनी महागला; मग टोमॅटोवरच्या पाच रुपये सवलतीला काय अर्थ राहिला? वहीत भाव लिहिताना शुल्कासकट लिहा. ‘फक्त २ नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, पैसे भरायच्या वेळी नवं शुल्क उघड करणं, या क्लृप्त्यांना केंद्र सरकारनं २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या प्रकारांच्या यादीत घातलं आहे. त्या यादीत असे १३ प्रकार आहेत. पैसे भरण्यापूर्वी टोपली वरपासून खालपर्यंत एकदा वाचून काढा. न मागितलेली वस्तू किंवा देणगी तिथेच सापडते.

केव्हा काय भरावं

दुकानांच्या सेलचं एक पंचांग असतं. २६ जानेवारी २००६ला बिग बाजारनं ‘सबसे सस्ता दिन’ काढला आणि दुकानांत झुंबड उडाली. ती साखळी आता उरली नाही, पण तारखा बाकीच्यांनी उचलल्या. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि दिवाळीआधीचा पंधरवडा हे मोठ्या सवलतींचे हंगाम. ऑनलाइन दुकानं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झालेला असतो तेव्हा, किराण्यावर सूट देतात. या दिवसांत साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, फिनेल, डायपर अशा न नासणाऱ्या वस्तू घ्याव्यात. किती घ्यायच्या? पुढच्या सेलपर्यंत पुरतील एवढ्याच. त्यासाठी नवं पाकीट फोडताना त्यावर मार्करनं तारीख टाका. पावडरीचं पाकीट किती आठवडे चालतं, टूथपेस्टची नळी कधी संपते, हे एकदा कळलं की अंदाजपंचे खरेदी थांबते.

धान्या-कडधान्यांचा सेल दुकानात लागत नाही, तो शेतात लागतो. आपल्याकडची उन्हाळ्यातली बेगमी हेच गणित जाणून होती. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, पाठोपाठ हरभरा. गहू मार्च-एप्रिलमध्ये, लाल मिरची आणि हळद फेब्रुवारी ते एप्रिल, लसूण फेब्रुवारी-मार्चपासून. गुऱ्हाळं दिवाळीनंतर जोरात असतात, तेव्हा गूळ. कांदा साठवायचा तर एप्रिल-मेमधला उन्हाळी. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. तांदूळ डिसेंबर-जानेवारीत नवा घेऊन घरीच जुना होऊ द्यावा, कारण वर्ष झालेल्या तांदळाला दुकानदार जास्त भाव लावतो.

आवक भरपूर असते तेव्हा भाव बहुधा पडलेले असतात. तरी भुसार बाजारात जाण्याआधी वहीतला भाव पाहून जा. पुण्याचा मार्केट यार्ड, नवी मुंबईची वाशी, मुंबईतलं मशीद बंदर, नागपूरची इतवारी, कोल्हापूरची लक्ष्मीपुरी इथे घाऊक पेढ्या आहेत आणि बरेच जण कट्टा-अर्धा कट्टा घरगुती गिऱ्हाइकालाही देतात. कराचाही फरक पडतो. जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही आणि २५ किलोंहून मोठ्या कट्ट्यावरही नाही. ३० किलोंचा तांदळाचा कट्टा घेऊन दोन घरांत वाटून घेतला, तर घाऊक भाव आणि कर असा दुहेरी फायदा होतो. त्यातून रिक्षा-टेम्पोचं भाडं वजा करायला विसरू नका.

भरलेलं टिकलं नाही तर सगळा हिशेब पाण्यात. गव्हाला कडक ऊन देऊन, तो गार झाल्यावर कोरड्या कोठीत भरा, थरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवा. तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे टाका. पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नका. रवा, बेसन, मैदा, शेंगदाणे यांची बेगमी करू नये. पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, दाणे खवट होतात. या वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी महिना-दीड महिन्यापुरत्याच घ्या.

चिवडा, वेफर्स, शीतपेयं यांवरची सूट सर्वांत आकर्षक असते आणि सर्वांत फसवीही. दुप्पट आणलेली कपड्यांची पावडर दुप्पट दिवस चालते. दुप्पट आणलेले वेफर्स तेवढ्याच दिवसांत संपतात. घरात मुलं असतील तर हे वेगळं सांगायला नकोच.

एकाच दुकानाशी लग्न नको

मॉल स्वस्त की वाणी, या वादात पडण्यापेक्षा यादीचे तुकडे करा. वही दोन-तीन महिने चालवली, की प्रत्येक वस्तू कुठे स्वस्त पडते ते उघड होतं. बहुतेक घरांत चित्र असं दिसतं : साबण-पावडर, तेल, बिस्किटं मोठ्या दुकानात, डाळी, गूळ, शेंगदाणे, पोहे वाण्याकडे, जिथे दाणा तोंडात टाकून पारखता येतो, वर्षाचं धान्य भुसार बाजारातून, आणि ॲप फक्त अडीअडचणीला.

वाण्याच्या बाजूनं आणखी दोन गोष्टी जमेस धरायला हव्यात. तो पावशेर माल देतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त घरात येत नाही. शिवाय डाळ शिजली नाही तर बदलून देतो. त्याला महिन्याची यादी एकरकमी द्या आणि सरळ विचारा, “एवढं सगळं घेतोय, रोख देतोय, भाव कसा लावाल?” कोपऱ्यावरच्या दुकानात हीच आपली सभासद सवलत.

पाच-दहा घरांनी मिळून खरेदी करणं हा आणखी एक जुना आणि चोख मार्ग. १९७५मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून घाऊक भावात माल आणायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, ही पद्धत रुजवली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर हे आज अधिक सोपं आहे. सुरुवात एकाच वस्तूनं करा, तांदूळ किंवा गूळ. पैसे आधी गोळा करा आणि वाटपाला वजनकाटा ठेवा, म्हणजे शेजारधर्म टिकतो.

काउंटर सोडण्यापूर्वी

सेलच्या दिवशी फळीवरची पाटी आणि संगणकातला भाव जुळत नाही, हे नेहमीचं. सवलतीची वस्तू घेताना पाटीचा फोटो काढून ठेवा आणि बिल तिथेच उभं राहून वाचा. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. वेगळा जीएसटी लावून त्याहून जास्त रक्कम कुणी मागितली तर ते बेकायदा आहे. थंड करायचे म्हणून जास्त पैसे, हेही त्यातच आलं.

भरघोस सवलतीमागे बरेचदा संपत आलेली मुदत असते. पीठ, बिस्किटं, चीज घेताना तारीख पाहा आणि तेवढ्या दिवसांत घरात संपेल का, याचा विचार करा. ऑनलाइन मागवलेल्या खाद्यपदार्थाची मुदत घरी पोहोचताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावी, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४मध्ये विक्रेत्यांना सांगितलं आहे. तसं नसेल तर माल परत करा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वजनात खोट किंवा छापील किमतीहून जास्त आकारणी असेल, तर राज्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे तक्रार करता येते. बिल मात्र हवं.

हे सगळं एकदम सुरू करायला जाल तर सुट्टीचा प्रत्येक दिवस बाजारात जाईल, आणि तो वेळही फुकट नसतो. पहिल्या महिन्यात फक्त दहा वस्तूंचे भाव टिपा. दुसऱ्या महिन्यात त्यातल्या तीन वस्तूंचं दुकान बदला. तिसऱ्या महिन्यात येईल त्या सेलला राखीव यादी घेऊन जा, बाकी काही नको. महिनाअखेर किराण्याची एकूण रक्कम वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि मागच्या महिन्याशी ताडून पाहा. दिवाळी, पाहुणे, वर्षाचं धान्य असा मोठा खर्च असेल तर तो वेगळा दाखवा. रक्कम उतरली असेल तर जेवढी उतरली तेवढी त्याच दिवशी आवर्ती ठेवीत किंवा पोस्टात टाका. खात्यात नुसती पडून राहिली, तर पुढच्या सेलला ती पुन्हा बाहेर पडेल.